पहिल्या वर्षी विचारायला शिका

ज्या महाविद्यालयाने मला घडवलं, तिथे मी शिक्षणाच्या समाजशास्त्रावर बोलावं, अशी प्राचार्यांची सूचना होती. पण बक्षीस समारंभ अजून व्हायचाय आणि मागच्या रांगांचं लक्ष ऑर्केस्ट्राकडे आहे. तेव्हा शास्त्र एका वाक्यात आटोपतो. अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 साली मांडलं की, विद्यार्थी कॉलेज सोडतो तो केवळ कुवत कमी पडली म्हणून नव्हे; तिथल्या अभ्यासाशी आणि माणसांशी त्याचं जुळलं की नाही, यावर पुष्कळ काही ठरतं. माझं म्हणणं एवढंच की हे पहिल्याच वर्षी जुळावं लागतं, आणि ते विचारल्याशिवाय जुळत नाही.

गांधीजींचंच पाहा. 1888 साली ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले आणि पहिली टर्म संपताच घरी परतले. व्याख्यानं डोक्यावरून जात होती. तरी आत्मकथेत त्यांनी प्राध्यापकांना दोष दिला नाही, आपणच कच्चे होतो असं लिहिलं. म्हणजे शिक्षक उत्तम आणि विद्यार्थी प्रामाणिक असूनही गाडी अडू शकते. आजही बारावीला 85 टक्के मिळवलेली खेड्यातली मुलगी अर्थशास्त्राच्या तासाला शेवटच्या बाकावर बसते, फळ्यावरचं इंग्रजी जसंच्या तसं उतरवते आणि तास संपताच स्टाफरूमवरून मान खाली घालून एसटी गाठते. पहिल्या सेमिस्टरला एटीकेटी लागली की ‘आपल्याला जमणार नाही’ हा निकाल ती स्वतःच लावून मोकळी होते.

कोणी म्हणेल, टिळकांनीही डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष व्यायामात घालवलं, त्यांचं काय बिघडलं? अहो, त्यांनी ते ठरवून घालवलं. घाबरून हातचं जाऊ दिलं नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: वर्गात शंभरावर मुलं, शिक्षक तासिका तत्त्वावरचे, पुढच्या कॉलेजचा तास गाठायच्या घाईत, विचारायचं कोणाला? याचं उत्तर पहिल्या रांगेतल्या संस्थाचालकांनी द्यायचंय. प्रवेशद्वाराची कमान थांबेल, रिकामी पदं थांबू नयेत. पालकांनीही पहिल्याच निकालावर पोरीचं लग्न काढू नये. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय आहे. गरजवंताला ती जरूर उपयोगी पडो. पण मनात राहिलेल्या शंकांपायी कुणी त्या दाराने गेलं, तर तो आपल्या सगळ्यांचा पराभव आहे.

तरीही सगळी व्यवस्था सुधारेपर्यंत तुमचं पहिलं वर्ष थांबणार नाही. म्हणून, मुलांनो, येत्या सोमवारी न समजलेली एक गोष्ट वहीत लिहा आणि स्टाफरूमच्या दारात उभे राहा. सर घाईत असतील, तर मंगळवारी पुन्हा जा.