हिमवादळात गाडी अडकली तर

२०२२च्या नाताळात अमेरिकेतल्या बफेलो शहरावर हिमवादळ कोसळलं. ईरी सरोवरावरून सुटलेल्या वाऱ्यानं बर्फ असा उधळला, की समोरचं काही दिसेना. चाळीसहून अधिक माणसं दगावली. काही तर अडकलेल्या गाडीतच. अशा वेळी उतरून चालू लागू नका, दिशाच कळत नाही. उबेसाठी इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरतो. त्याला ना रंग, ना वास. वीज गेल्यावर घरात जनरेटर किंवा कोळशाची शेगडी लावायची नाही, तेही याचसाठी. तुमची मुलं तिकडे असतील, तर आजच्या फोनवर हे जरूर सांगा. आणि गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च आहे का, तेही विचारा.