वीज एकदा गेली, उत्तरं दोन आली

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर आली. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, यामागे सायबर घातपात असू शकतो. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, ही माणसाची चूक होती.

खरं कोण, या वादात मी पडत नाही. मी विचारतो, एका घटनेची दोन उत्तरं का?

पोलीस राज्याचे. वीज केंद्र आणि राज्य, दोघांची. सायबर हल्ल्याची खबर ६ तासांत केंद्राच्या ‘सर्ट-इन’ला द्यायची, असा २०२२ चा आदेश आहे. यंत्रणा आहेत, पण पुरावे कोण तपासणार आणि लोकांशी कोण बोलणार, हे संकटाआधीच ठरायला हवं. कारण ‘घातपात’ हा शब्द हवेत सुटला की संशय कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहतो. ते दार कुणाचं असतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

२०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकारातून वगळलं गेलं. म्हणून हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारा, सभागृहात मांडायला लावा. आणि उत्तर येईपर्यंत एकही अफवा पुढे पाठवू नका.