व्याकरणाचा प्रश्न कानावर सोडू नका



  परिषदेच्या अध्यक्षाने घडामोडींचा आढावा घ्यावा, असा आपला प्रघात आहे. तो थोडक्यात घेतो. परदेशी प्रवेशपरीक्षांचे रूप अलीकडे पार पालटले. सॅट मार्च 2023पासून अमेरिकेबाहेर आणि मार्च 2024पासून अमेरिकेतही संगणकावर आली. जीमॅटची नवी आवृत्ती नोव्हेंबर 2023मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्यदुरुस्ती, हा भाग गेला. तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ‘आता व्याकरण शिकवायची गरजच उरली नाही,’ असे काहींनी सांगूनही टाकले. आढावा इथेच थांबवतो, कारण अशा बोलण्याला उत्तर द्यायची मी बरीच वर्षे वाट पाहिली आहे.

व्याकरण कुठेही गेलेले नाही. सॅटच्या रीडिंग अँड रायटिंग विभागात 64 मिनिटांत 54 प्रश्न असतात. त्यांतले 11 ते 15 प्रश्न निखळ व्याकरणाचे आणि विरामचिन्हांचे. म्हणजे जवळजवळ पाव विभाग. आणि नेमका हाच पाव विभाग आपण सर्वांत वाईट शिकवतो. ‘वाक्य मनात म्हणून बघ, कानाला बरे वाटेल त्यावर टिक कर,’ हा सल्ला मी क्लासच्या नोट्समध्ये वाचला, कार्यशाळांत ऐकला, याच परिषदेच्या चर्चासत्रांतही ऐकला. तो परदेशी गाइडांतून जसाच्या तसा उचललेला आहे. ज्याच्या घरात इंग्रजी बोलतात त्याला तो थोडाफार उपयोगी पडेलही. जालन्याच्या किंवा कराडच्या मुलाने तो कान आणायचा कुठून? मग गुण कमी पडले की आपणच म्हणतो, ‘मराठी माध्यमाचा आहे, इंग्रजी कच्चे आहे.’ हा अन्याय आहे, आणि तो आपण शिक्षकच करतो आहोत.

बरे, कान तरी काय सांगणार? स्वल्पविराम आणि अर्धविराम यांतला फरक जगात कुणालाच ऐकू येत नाही. ‘वीज गेली, पंखे थांबले’ हे मराठीत बिनचूक आहे. हेच इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम देऊन लिहिले की सॅटमध्ये गुण जातात. ‘घरी जाताना पाऊस आला’ यात आपल्याला काहीच खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘गोइंग होम’ म्हणून स्वल्पविराम दिला, की जो घरी जातो आहे तोच लगेच पुढे यावा लागतो. तिथे पाऊस आला तर पाऊसच घरी निघाला, असा अर्थ होतो. आपला कान अशा ठिकाणी गप्प बसतो. तिथे वाक्य उलगडूनच पाहावे लागते.

माण तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे शिकत होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. गणितात तरबेज, पण सराव चाचण्यांत व्याकरणाचे गुण जात. मी फळ्यावर वाक्य लिहिले: ‘द कलेक्शन ऑफ लेटर्स रिटन बाय द सोल्जर्स’, पुढे रिकामी जागा, मग ‘इन द म्युझियम’. पर्याय चार: आर, वेअर, हॅव बीन, इज. ती लगेच म्हणाली, ‘सोल्जर्स आर.’ मी म्हटले, ‘हे राहू दे. मुलाने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली. क्रियापद कुणामागे गेले?’ म्हणाली, ‘कर्मामागे, सर. कर्त्याला ने लागलाय, कर्मणी प्रयोग आहे.’ म्हटले, ‘इंग्रजी त्याहून सोपी आहे. तिथे क्रियापद उद्देश्याच्याच मागे जाते. उद्देश्य शोध, विस्तार खोड.’ तिने खडू घेतला आणि ‘ऑफ’पासून ‘सोल्जर्स’पर्यंत सगळे खोडले. उरले ‘कलेक्शन’. ‘इज’ लिहून ती म्हणाली, ‘बाकीचे तिन्ही अनेकवचनीच आहेत, सर.’ शाळेत शिकलेले वाक्यपृथक्करण तिच्या कामी आले. तिचे इंग्रजी कच्चे आहे म्हणणाऱ्यांनी हे पृथक्करण तिला कधी वापरूच दिले नव्हते.

माझी पद्धत एवढीच आहे. आधी पर्याय पाहा आणि त्यांत नेमके काय बदलते ते ओळखा. क्रियापद बदलत असेल तर उद्देश्य शोधा. विरामचिन्ह बदलत असेल तर दोन्ही बाजूंची वाक्ये स्वतंत्र उभी राहतात का, ते तपासा. दोन पर्यायांत फक्त पूर्णविराम आणि अर्धविराम एवढाच फरक असेल तर दोन्ही सोडा, कारण दोन उत्तरे बरोबर असू शकत नाहीत. वेळेचे काय, असे सहकारी विचारतात. घड्याळ लावून चाचण्यांचा मारा केलेली मुले माझ्याकडे तीच ती चूक अधिक वेगाने करत आली. फळ्यावर सावकाश वाक्ये खोडणाऱ्यांचा वेग आपोआप वाढला.

व्याकरणात मतभेद असतात, मग नियम कशाला, असाही एक आक्षेप आहे. ऑक्टोबर 2002च्या पीएसएटीमध्ये, म्हणजे सॅटच्या पूर्वतयारीच्या परीक्षेत, लेखिका टोनी मॉरिसन यांच्याविषयी एक वाक्य होते. परीक्षकांच्या मते त्यात चूक नव्हती. मेरीलँडमधल्या एका शिक्षकाने हरकत घेतली, की त्यातले ‘हर’ हे सर्वनाम षष्ठीतल्या नावाकडे बोट दाखवते, म्हणून ते चूक. त्यावर वाद झाला आणि 2003मध्ये तो प्रश्न गुणांकनातून वगळला गेला. त्या शिक्षकाने कारण दिले म्हणून त्याचे ऐकावे लागले. ‘मला बरे वाटत नाही’ एवढेच म्हटले असते, तर त्याला कुणी दाद दिली नसती.

परिषदेने मराठी मुलांसाठी फळ्यावर उलगडून पाहता येतील अशा वाक्यांचा एक संग्रह करावा, असे मला वाटते. त्याचे स्वरूप आणि खर्च कार्यकारिणीने पुढे ठरवावा. तालुक्याच्या ठिकाणी शिक्षकांची शिबिरेही व्हावीत. पण संग्रहाची वाट पाहू नका. उद्या वर्गात एखादा मुलगा ‘सर, हे कानाला बरे वाटते’ म्हणाला, तर त्याच्या हाती खडू द्या आणि उद्देश्य कुठे आहे ते दाखवायला सांगा. आपल्या मुलांना हे जमते. ते त्यांच्याकडून करून घ्या, एवढीच विनंती.