न वळणारी गाडी



बैलगाडी बांधाच्या कडेला वळवताना तुम्ही कधी तिच्या चाकांकडे नीट पाहिलं आहे का? गाडीवान एका बैलाला थोपवतो, दुसऱ्याला पुढे काढतो. आतल्या अंगाचं चाक जवळजवळ जागीच राहतं आणि बाहेरचं चाक मोठा फेरा घेतं. दोनच चाकं आणि एकच कणा, म्हणून हे साधतं. आता अशी कल्पना करा, की त्याच गाडीला मागे आणखी एक कणा ठोकला आणि आणखी दोन चाकं बसवली. सरळ रस्त्याला गाडी सुरेख चालेल. वळणावर मात्र मागची चाकं आडवी फरफटतील, धाव जमिनीत रुतेल आणि बैलांच्या माना मोडायची वेळ येईल. चाक पुढे-मागे गडगडतं. आडवं गडगडणं त्याच्या स्वभावातच नाही.

आजचं माझं बोलणं मुलांच्या स्पर्धांतल्या रोबोंविषयी आहे. रोबो म्हटलं की हातपाय असलेला लोखंडी माणूस डोळ्यांसमोर येतो, पण या स्पर्धांत धावतात त्या बहुतेक छोट्या गाड्याच असतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने रोबोकॉन ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू केली, आणि २००८ व २०१४ साली ती आपल्या पुण्यातच भरली. शाळांतून २०१६ नंतर अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघू लागल्या, तेव्हापासून खेड्यापाड्यांतली मुलंही मोटारी आणि चाकं जोडू लागली. आमच्या शाळेतली मुलं त्यांतलीच.

आमची गाडी प्लायवूडच्या फळीवर बांधलेली होती. चार पिवळ्या गिअर मोटारी, चार चाकं, मध्ये बॅटरी. वजन सुमारे १२०० ग्रॅम. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २४ सेंटिमीटर, डाव्या-उजव्या चाकांत १८. वळण्याची रीत ट्रॅक्टरवाल्यांना लगेच कळेल. शेताच्या टोकाला तुम्ही एकाच बाजूचा ब्रेक दाबता ना? तेच इथे, थोडं पुढे नेलेलं. डाव्या मोटारी मागे फिरवायच्या, उजव्या पुढे, की गाडी जागच्या जागी डावीकडे वळावी. ट्रॅक्टरची पुढची चाकं मात्र तोंड फिरवतात. आमच्या गाडीची चारही चाकं ताठ.

वर्गाच्या गुळगुळीत फरशीवर गाडी वळायची, थोडी थरथरत, पण वळायची. सरळ जाताना मात्र चाकं घसरत होती. तेव्हा मी, म्हणजे त्यांच्या मास्तरांनी, शहाणपणा केला. म्हटलं, "सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापा आणि चारही चाकांना चिकटवा." मुलांनी तसं केलं. सरळ पळण्यात गाडी एकदम वाघ झाली. आम्ही खूष.

तालुक्याच्या स्पर्धेत मैदान म्हणून फ्लेक्सचा मोठा पट अंथरलेला होता. पहिल्याच वळणावर गाडी अडली. मोटारी घूं-घूं करत राहिल्या, पुढचं अंग झटके घेत राहिलं, बॅटरीचा दाब पडला आणि सगळंच थंड. तीन मिनिटं त्या गाडीभोवती उभं राहून पाहण्यात गेली. परत येताना जीपमध्ये कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांचं मत ठरलेलं होतं: मोटारी कमजोर आहेत, जोरदार मोटारी आणायच्या. त्यासाठी वर्गणीची वहीही निघाली. कोणाचे खाऊचे पैसे, कोणाच्या आजीने दिलेले पन्नास रुपये. मीही त्यांच्याच बाजूचा होतो. पण नववीतली एक मुलगी गाडीशी खेळत बसली होती. गाडी वळण्याचा प्रयत्न करत असताना तिने मागची कड एका बोटाने किंचित उचलली. गाडी भिंगरीसारखी वळली! बोट काढलं की पुन्हा ठप्प. तिने मला हाक मारली, "सर, मोटारी तर त्याच आहेत की."

इथे खरी गोम आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. शिक्षक मित्रांनी वर्गात हे करून पाहावं. चाकं फिरू नयेत अशी बांधा, गाडीला ताणकाटा लावा आणि आडवी ओढा. आमची १२०० ग्रॅमची गाडी ९०० ग्रॅमच्या ओढीला सरकू लागली. म्हणजे वजनाच्या पाऊण पट पकड. आता गाडी मधोमध वळायची म्हणजे चारही चाकांनी थोडं आडवं सरकलं पाहिजे. त्या आडव्या सरकण्याचा विरोध मध्यापासून १२ सेंटिमीटरवर काम करतो, लांबीच्या निम्म्यावर. मोटारींचा वळवण्याचा जोर ९ सेंटिमीटरवर, रुंदीच्या निम्म्यावर. पहार जितकी लांब तितकं काम सोपं, हे तुम्हाला सांगायला नको. इथे लांब पहार विरोधकाच्या हातात! ९०० गुणिले १२ म्हणजे १०८००, आणि आपल्या बाजूला जास्तीत जास्त ९०० गुणिले ९, म्हणजे ८१००. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. माझ्या ट्यूबच्या पट्ट्यांनी दोन्ही आकडे सारखेच वाढले आणि त्या फुगलेल्या विरोधाचा भार बिचाऱ्या मोटारींवर पडला. फरशीवर गाडी वळत होती ती चाकं निसटत होती म्हणून.

मग उपाय काय? गाडी रुंद आणि आखूड करणं हा सर्वांत सरळ. पण आमची फळी कापून झालेली होती. त्या मुलीने विजेच्या तारांना गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी घेतली आणि पुढच्या दोन चाकांच्या रबरावरून गुंडाळली. पुढची चाकं आडवी सहज घसरू लागली. पकड राहिली ती मागच्या दोन चाकांत, आणि गाडी त्यांच्या मधल्या बिंदूभोवती वळू लागली, म्हणजे पुन्हा आपली दोन चाकांची बैलगाडीच. मग बॅटरी मागे सरकवली. तसं केलं नसतं तर वजन निसरड्या चाकांवर राहिलं असतं आणि पकडीची चाकं रिकामी फिरली असती. गाडीवान ओझं पुढे-मागे सारतो ते काही उगीच नाही.

अमेरिकेत १९९२ पासून चालणाऱ्या फर्स्ट या संस्थेच्या स्पर्धेत पन्नास किलोच्या आसपासचे रोबो असतात. तिथे सहा चाकांची युक्ती रुळली आहे. मधली दोन चाकं बाकीच्यांपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर खाली बसवतात. गाडी एका वेळी चारच चाकांवर टेकते, जमिनीवरची लांबी जवळपास निम्मी होते, आणि सोंगटीसारखी ती वळते. काही जण टोकाला ओम्नी चाकं लावतात. त्यांच्या कडेला आडवे छोटे रूळ असतात. बेंग्ट इलॉन या स्वीडिश अभियंत्याने १९७० नंतर काढलेलं मेकॅनम चाक तर तिरप्या रुळांमुळे गाडीला खेकड्यासारखी आडवी चालवतं. चाक दिसायला मोठं मोहक आहे, पण धक्काबुक्कीच्या खेळात ते मार खातं, कारण रूळ फिरतात आणि रेटा वाया जातो. आडवी निसटणारी चाकं लावली की बाजूने बसलेल्या धक्क्याला गाडी गिरकी घेणार, ही किंमत आमच्या चिकटपट्टीलाही चुकलेली नाही.

आणखी एक खोड सांगून ठेवतो. गाडी सरळ सोडली तरी एका बाजूला ओढत असेल, तर प्रोग्रॅमला दोष देण्याआधी ती काचेवर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तसं फळी पिळलेली असली की एक चाक अधांतरी राहतं. आमचं राहत होतं, पोस्टकार्ड सरकेल इतकं. शिवाय चाकांना धूळ बसते. दर फेरीआधी ओल्या फडक्याने पुसावीत. आणि सुरुवातीलाच मोटारींना पूर्ण वेग देऊ नये. चिखलात बैलाला एकदम आसूड ओढला की चाक जागीच घसरतं. एकदा घसरू लागलेल्या चाकाची पकड आधीहून कमी असते.

वर्गणी परत केली. आजीचे पन्नास रुपये घ्यायला ती आजी तयार होईना, तो वेगळा किस्सा. पुढच्या स्पर्धेत गाडी सगळी वळणं वळली आणि शेवटच्या टप्प्यात खिडकीतल्या उन्हाने तिच्या डोळ्यांना काळी रेघ दिसेनाशी झाली, म्हणून आम्ही मागे पडलो. आता मुलं पुठ्ठ्याची झापड करत आहेत. चिकटपट्टी तेवढी दर तीन-चार फेऱ्यांनी झिजते. ती बदलायला विसरू नका.