सुरतेतील वाचलेले घर

१६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. धनिकांच्या हवेल्या लुटल्या गेल्या. इंग्रज व वलंदेज यांनी आपल्या वखारी शस्त्रबळाने राखल्या. फादर अँब्रोज हे दारिद्र्याचे व्रत घेतलेले कापुचिन पाद्री. त्यांच्यापाशी तोफा कोठल्या? तरीही त्यांच्या घराला धक्का लागला नाही. त्यांच्या सज्जनपणामुळे महाराजांनी ते वगळले, असे बर्नियर हा फ्रेंच वैद्य आपल्या प्रवासवृत्तात नोंदवतो.

आज धर्माचरणाचे स्वातंत्र्य संविधानाच्या २५ व्या कलमाने दिले आहे. ख्रिस्ती माणसाला धैर्य लागते ते चारचौघांत जेवणापूर्वी क्रुसाची खूण करताना, खोट्या पावतीवर सही नाकारताना. गोष्ट लहान दिसते. पण नोकरी जाण्याचे भय लहान नसते. अँब्रोज यांची प्रवचने शेजाऱ्यांनी किती ऐकली असतील कोण जाणे! वागणे मात्र रोज पाहिले असणार.

बर्नियर आणखी एका वाचलेल्या घराचा उल्लेख करतो. ते वलंदेजांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे. हा गृहस्थ हयातीत मोठा दानशूर होता, एवढेच महाराजांना सांगण्यात आले होते.