डिफॉल्टचे अर्थशास्त्र

रायपूरच्या एखाद्या लहान कार्यालयातील सर्व्हर रोज रात्री आपला अहवाल ई-मेलने पाठवितो. हे टपाल पोहोचविणारा प्रोग्रॅम बहुधा तेथील कोणी निवडलेला नसतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमबरोबरच येतो. यालाच 'डिफॉल्ट' म्हणतात. तो बदलण्यास वेळ व ज्ञान खर्ची पडते; म्हणून बहुसंख्य वापरकर्ते तो तसाच ठेवतात. साहजिकच, एकाची निवड लाखोंचे धोरण ठरते.

एरिक ऑलमन यांचा 'सेंडमेल' युनिक्सबरोबर असाच सर्वत्र पसरला. तो समर्थ, परंतु गुंतागुंतीचा होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये 'मॉरिस वर्म'ने ज्या त्रुटींचा लाभ घेऊन हजारो संगणक ठप्प केले, त्यांपैकी एक सेंडमेलमधील होती. पुढे एक्झिम, पोस्टफिक्स हे पर्याय आले. २०२३ मध्ये फ्रीबीएसडीच्या १४.० आवृत्तीने लहानसा 'ड्रॅगनफ्लाय मेल एजंट' डिफॉल्ट केला. तो स्थानिक टपाल पोहोचवितो व बाहेर पाठवितो. नेटवर्कवरून येणाऱ्या टपालासाठी दार उघडे ठेवीत नाही. सेंडमेलही उपलब्ध राहिला.

तात्पर्य, डिफॉल्ट हा बहुसंख्यांच्या किमान गरजेपुरता व सुरक्षित असावा. अधिक क्षमता मागणाऱ्यास मिळावी. कल्याणकारी योजनांची रचना करतानाही हाच निकष लागू पडतो.