चिठ्ठीतली माहिती



मी पिंपरीत पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट मला क्वचितच भेटतो. माझ्याकडे येते ती डबी: फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला हरभऱ्याएवढा कातडीचा तुकडा, आणि सोबत एक कागद. तुकडा मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप काढून काचेवर घेतात, रंग देतात, मग मी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघते.

तुम्हाला वाटेल, तिथे सगळं दिसतं. तसं नाही. खूप दिवस चिघळलेल्या साध्या जखमेच्या कडेलाही पेशी अशा वाढतात की कॅन्सरचा भास व्हावा. कागदावर नुसतं 'पायावर जखम' असेल, तर माझी पंचाईत होते. पण 'वीस वर्षांपूर्वी भट्टीजवळ भाजलं, त्याच व्रणावर सहा महिन्यांपासून जखम, कड जाड, तुकडा कडेचा' असं असेल, तर मी पुन्हा बघते, आणखी काप मागवते, डॉक्टरांना फोन करते. भाजल्याच्या जुन्या व्रणात कॅन्सर होऊ शकतो. चाकण-भोसरीच्या फाउंड्रीत, फोर्जिंगमध्ये कामाला असणाऱ्यांच्या घरी हे माहीत हवंच.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट ठाऊक असते तुमच्या फॅमिली डॉक्टरांना. आपल्याकडे ते सहसा स्वतः तुकडा काढत नाहीत, चिठ्ठी देऊन वायसीएमसारख्या रुग्णालयात पाठवतात. चिठ्ठीतली माहिती सर्जनच्या फॉर्मवर उतरली नाही, तर ती वाटेतच राहते. म्हणून चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तुकडा काढताना दाखवा. आणि हजेरी बुडेल म्हणून मेडिकलमधून मलम आणून महिने काढू नका, हे मी पालकांना हात जोडून सांगते.

चिठ्ठीत हवी अशी आणखी एक माहिती म्हणजे कपड्याची घट्ट गाठ. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 सालीच धोतराच्या घट्ट गाठीखाली, कमरेवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. एकीला परकराच्या नाडीखाली, दुसरीला घट्ट नेसलेल्या लुगड्याखाली जखम झाली होती. पहिलीची दीड वर्ष भरली नव्हती. दोघींच्या तपासणीत कॅन्सर निघाला. नाडी कुठे बांधता, किती घट्ट, हे पेशंटला विचारल्याशिवाय कळत नाही. काचेवर नाडी दिसत नाही.

आजीच्या कमरेवर नाडीचा काळा वळ असेल तर घाबरू नका, नाडी सैल बांधायला सांगा. पण तिथली जखम चार आठवड्यांत भरली नाही, तर तिला डॉक्टरांकडे न्या. अशा बहुतेक जखमा कॅन्सरच्या नसतात. असलाच, तर लवकर सापडलेला बहुधा कापून काढल्यावर बरा होतो.

आजच्या बक्षीस समारंभानंतर शाळेच्या प्रयोगशाळेत माझा सूक्ष्मदर्शक मांडलेला असेल. कातडीच्या कॅन्सरची एक काच लावली आहे. त्यात पेशी एकमेकींभोवती गुंडाळून गुलाबी गोळे करतात, त्यांना आम्ही मोती म्हणतो. आठवी ते दहावीच्या मुलांनी आधी यावं. आणि पालकांपैकी कुणाची न भरणारी जखम असेल, तर त्यांनीही थांबावं. तुमच्याच भागातले एक फॅमिली डॉक्टर माझ्यासोबत आले आहेत, ते बघतील.